गायक्याची काशी

काशी आधी स्वतः गवत चावून बघायची आणि मगच गुरं तिथे सोडायची. नवं रान आलं की खाली बसायची, काडी तोडून दाताखाली धरायची आणि थुंकायची. कधी मान हलवायची, तर कधी काठी आडवी धरून अख्खा कळप मागे फिरवायची. एकदा मी विचारलं, "काय चाखतं व गवतात?" तर म्हणाली, "गुराले चव समजते पन सांगता येत नाई. तुले सांगता येते, पन चव समजत नाई."

तेव्हा ती बारा-तेरा वर्षांची असेल, मी नऊची. आमचं गाव बार्शीटाकळीच्या अलीकडे. गावाची गुरं राखणाऱ्याला आमच्याकडे गायकी म्हणतात. काशीचा बाप गायकी होता, पण बैलाने त्याची मांडी फोडल्यापासून तो ओट्यावरच बसून असायचा आणि कळप काशी न्यायची. घरोघरून रोज मिळणारी भाकर आणि सुगीची ज्वारी, एवढ्यावर त्यांची चार पोटं चालत.

ती गोड मुलगी नव्हती. शिव्या द्यायची, चिडली की चावायची. पण टिटवीची अंडी कुठे असतात, कोणत्या बोरीची बोरं आधी पिकतात, साप गेला की पाखरं कशी ओरडतात, हे मला तिनेच शिकवलं. मला दुसरी मैत्रीण नव्हती. तिलाही नव्हती.

ते कापसाचे दिवस होते. सातासमुद्रापलीकडे कुठे लढाई लागली म्हणून आमच्या कापसाला भाव आला, असं मोठी माणसं सांगत. बैलांच्या शिंगांवर चांदीच्या शेंब्या चढल्या. ज्वारीच्या वावरांत कापूस आला. तेवढ्याने भागलं नाही, तेव्हा गावाने गुरांचं गायरानसुद्धा नांगरलं. त्यात माझा बाप पुढे होता. काशी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभी राहून मोठ्याने म्हणाली, "आता बैलाले शेंब्याच चारा!" माणसं हसली. माझा बाप हसला नाही.

त्या वर्षी पाऊस भादव्यातच थांबला. चारा संपला. आमची ज्वारी एका लहानशा तुकड्यात होती. तीही बापाने कणीस भरायच्या आधीच बैलांसाठी कापून घेतली. तिच्या बुडख्यांना हिरवे फुटवे आले आणि पाण्यावाचून खुरटून राहिले.

माझी आई बाळंतपणात गेली होती. धाकटा नामा चार महिन्यांचा, तो आमच्या कपिला गाईच्या दुधावर होता. कपिला आटत चालली होती.

अशात सीतादही आलं. कापसाची पहिली वेचणी करण्याआधी बायका वावरात दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, ते सीतादही. घर बघणाऱ्या आत्याने होतं तेवढं सगळं दूध दह्याला लावलं. म्हणाली, "एक दिवस राहीन पोट्टं पेजेवर. पह्यले धरतीचं." सगळे वावरात गेले. नामाने पेज ओकली. रडून रडून तो झोपला, तेव्हा त्याला झोळीत टाकून मी काशीकडे पळाले.

"कपिला दे. दूध काढाचं हाय."

"ने. पन फुटव्याच्या वावरात नको घालू. पान्याबिगर खुरटलेल्या फुटव्यात इख असते. म्या चावून पाह्यलं, जीभ कडू झाली."

"बरं."

बरं म्हणाले आणि तिथेच गेले. सगळं रान करपलेलं, तेवढाच तुकडा हिरवा. गाय पोटभर खाईल तर दूध देईल, एवढं माझं शहाणपण. लहान होते म्हणून चुकले, असं मी म्हणत नाही. मला बजावलेलं होतं. कपिला हपापल्यासारखी खात सुटली. थोड्याच वेळात तिचे पाय लटपटले, तोंडाला फेस आला आणि ती कोसळली. मी हातातल्या दाव्यासकट घरी पळाले.

संध्याकाळी बापाने काशीला अंगणात उभं केलं. गाव गोळा झालं होतं.

"कपिला तुया हाती व्हती ना?"

"गिरजीनं नेली. म्या बजावलं व्हतं तिले."

बाप माझ्याकडे वळला. "नेली व्हती काय व तू?"

"नाई," मी म्हणाले.

काशी माझ्याकडे बघत राहिली. "वा व गिरजे!" एवढंच म्हणाली.

काशीच्या घरच्यांना कोणी मारलं नाही. कळप काढून घेतला आणि भाकर बंद केली. त्या वर्षी भाकर बंद होणं म्हणजे काय, ते पोरासोरांनाही कळत होतं. काशी मला विहिरीवर गाठायची. "सांगतं का?" मी म्हणायची, "उद्या सांगतो." तिच्या धाकट्या बहिणीचे पाय सुजले. माझं उद्या काही आलं नाही. नामा पंधरा दिवस पेजेवर तगला आणि गेला.

मग ते गाव सोडून निघाले. अकोल्याकडे आगगाडीच्या रुळांसाठी माती टाकायचं काम चालू होतं. बाप काठीवर, आईच्या डोक्यावर गाठोडं, बहीण काशीच्या पाठीवर. मी नदीपर्यंत मागे गेले.

"काशे, आता सांगतो. देवाशपथ."

"आता सांगून काय करतं? तुले दोन रपाटे बसले असते, गिरजे. दोन. आमचं गाव गेलं."

तिने बहिणीला पाठीवर वर सरकवलं आणि ती नदी उतरली.

माझ्या नातवाच्या पुस्तकातली पोरं खरं बोलतात आणि शेवटी शाबासकी मिळवतात. माझी चार इयत्ता शाळा झाली, तेवढ्यावर ती पुस्तकं मला वाचता येतात. खरं न बोललेल्या पोरीचं पुस्तक मला कुठे दिसलं नाही, म्हणून हे लिहिलं.

लग्न होऊन मी अकोल्यात आले तेव्हा तिची चौकशी केली. मातीकामावरच्या लोकांत पटकीची साथ आली होती, पुष्कळ माणसं मेली. त्यांची नावं कोणी ठेवली नव्हती.

बाप म्हातारा होऊन खाटेला लागला, तेव्हा मी सेवेला माहेरी गेले. एका दुपारी सांगून टाकलं. "बाबा, कपिलेले फुटव्यात म्या सोडलं व्हतं."

"माईत हाय," तो म्हणाला. "गाय वावरात मेली, अन् दावं घरी तुया हातात व्हतं. मले तवाच समजलं."

"मंग?"

"मंग काय? तू माई पोर. ते गायक्याची."

त्याने पाणी मागितलं. मी उठून दिलं.