पंख्यातला कापूस

पदवीचा प्रकल्प दोन दिवसांत द्यायचा होता आणि माझा जुना कॉम्प्युटर दर दहा मिनिटांनी बंद पडून पुन्हा सुरू व्हायचा. मी विजेला दोष देत होते. शेवटी तो राजापेठेतल्या एका दुकानात दुरुस्तीला नेला. दुकानदारानं डबा उघडून पंख्यातून बोटभर कापूस ओढला. "ताई, यात पेरणी केली का? पंखा फिरून नाही राह्यला, म्हणून तापून बंद पडते."

चांगला भाव येईपर्यंत आमच्या शेतातला कापूस माझ्याच खोलीत रचलेला असतो. घरी येऊन बाबांना सांगितलं. त्यांनी सगळा ढीग स्वतःच्या खोलीत हलवला आणि आपली खाट ओसरीत टाकली.

"मले कुठंबी झोप येते, माय. तू लिव."

प्रकल्प वेळेत दिला. कॉम्प्युटर एकदाही बंद पडला नाही.