तिल्ली, कुंकू आणि चिकटणारा एक

सूनबाईच्या लॅबमध्ये प्रोटीन निघतं थेंबभर आणि किस्से निघतात घागरभर! ती बुलढाण्याच्या कॉलेजात शिकवते. सासूने घरी बसून भिंती मोजायच्या काय? म्हणून मीही जाते. माझी शाळा सातवीत सुटली, पण तिची पुस्तकं मी डोळे फुटेस्तोवर वाचली आहेत. शंका असेल त्याने समोर येऊन विचारावं.

*

कामाला बकरीची तिल्ली, म्हणजे प्लीहा, लागते. रोगाशी लढणाऱ्या पेशी तिच्यात खच्चून भरलेल्या असतात. सूनबाईला वास सोसत नाही, म्हणून खाटकाकडे मी.

रफिकभाईने एकदा विचारलंच, "मावशी, एवढी तिल्ली नेता, भाजी कशी करता?"

"भाजी कायची बापा! वाटतो, साबणाच्या पाण्यात घोळतो, गाळतो अन् बहुतेक सारं फेकून देतो."

त्याने सुरी खाली ठेवली. "घरात स्वयंपाक शिकवाले कोनी नाही का?"

पुढच्या वेळी तिल्लीसोबत कोथिंबीर फुकट!

*

हा खटाटोप प्रणालीसाठी. संग्रामपूरची पोर, सूनबाईकडे पीएचडी करते. त्या पेशींच्या अंगावरचं एकच प्रोटीन तिला निखळ हवं होतं. वडिलांची, विठ्ठलरावांची, ताकीद होती, "दिवाळीपर्यंत काही निघालं तं शीक. नाही तं नांदुऱ्याचं स्थळ पक्कं!"

एकदा ते स्वतः पाहायला आले. काचेच्या नळीत बारीक मणी, खालून टिप टिप.

"याच्यापेक्षा आमचं ठिबक जोरात चालते!"

मी म्हटलं, "विठ्ठलराव, या मण्यांले गळासारखे आकडे लावले हायेत. वरून शंभर जातीचे प्रोटीन ओता, ज्याचं जमते थोच चिकटते. बाकीचे धुऊन काढाचे."

"अन् चिकटलेला सुटते कसा?"

"आंबट पाजलं का सुटते."

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. "हे आमच्या घरी नोका सांगू!"

*

खंडेनवमीला आमच्याकडे मिक्सरपासून मायक्रोस्कोपपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू. शिपाई गजाननने भक्तिभावाने नळीच्या तोंडातच चिमूटभर कुंकू सोडलं! लाल पट्टा डौलात खाली उतरू लागला. प्राचार्य धावत आले, फोटो काढला, "अभिनंदन! प्रोटीन दिसलं!"

प्रणालीने तर फरशीवर बसकणच मारली. तेवढेच मणी उरले होते हो! सूनबाई दिवसभर नळी धूत बसली, तेव्हा कुठे पाणी नितळ आलं.

गजानन म्हणतो, "पन आजी, फोटो तं निघाला न?"

"निघाला. आता नारळ तुह्या डोक्यावर फोडू का?"

*

दिवाळी तोंडावर आली आणि विठ्ठलराव पोरीला न्यायला गाडी घेऊनच आले. आदल्या दिवशीच नळीत आंबट सोडलं होतं. सुटून आलेल्या थेंबांत काय आहे, ते जेलीसारख्या पातळ वडीवर, जेलवर, उमटणार होतं; एका प्रोटीनचा एक पट्टा. प्रणालीने जेल निळ्या रंगातून काढून उजेडावर ठेवली.

धुण्याच्या पाण्याच्या रांगेत पट्टेच पट्टे. शेवटच्या थेंबांच्या रांगेत एकच. ठसठशीत, निळा.

"एकच?" विठ्ठलराव.

"हाव बाबा. एकच."

"अन् बाकीचे?"

"धुन्यात गेले."

विठ्ठलरावांनी खिशातून मोबाईल काढला आणि नांदुऱ्याला लावला.

"पाव्हने, पोरगी आता शिकनार. तुमच्या पोराले पाठवा. पन आधी धुऊन पाहू. टिकला तं बोलू!"