साडूची लाल तबकडी

चष्मेवाल्यानं उभ्या आयुष्यात कुणाचा हेवा केला नाही. केला तो एकट्या साडूचा, आणि तोही एका तबकडीपायी!

ग्रामोफोनच्या जुन्या रंगीत तबकड्यांचं खूळ मुळात चष्मेवाल्याचं. लाखेत दगडाची भुकटी नि काजळी मिसळली की काळी तबकडी. काजळीऐवजी दुसरा रंग घातला की तपकिरी, निळी, क्वचित लाल. त्याचं पाहून साडूला नाद लागला. आणि बघा नशीब! चष्मेवाला जिच्यासाठी केस पिकेपर्यंत वणवण फिरला, ती लालभडक तबकडी या नवशिक्याला पहिल्याच वर्षी कोपऱ्यावरच्या भंगारवाल्याकडे मिळाली. चष्मेवाल्याचा असा जळफळाट झाला की दोन घास धड खाववेनात.

साडूनं कौतुकानं घरी बोलावलं. चष्मेवाल्यानं तबकडी हातात घेतली. जड, ताठ, टिचकी मारली तर खणकन वाजणारी. अस्सल लाख!

"हॅ! प्लास्टिक आहे हो," तो म्हणाला. "मागाहून काढलेली नक्कल."

साडूचं तोंड एवढंसं झालं. चष्मेवाल्याला काय गार वाटलं म्हणून सांगू! आता चार दिवसांनी सहज मागितली तरी देऊन टाकेल, असा त्याचा हिशेब.

"असू दे, गाणं तर आहे ना," साडू म्हणाला. "बुरशी तेवढी पुसतो." आणि त्यानं स्पिरिटची बाटली उघडून कापूस भिजवला.

प्लास्टिकला स्पिरिट चालतं. लाख मात्र त्यात विरघळते. हे साडूला शिकवलं होतं चष्मेवाल्यानंच. आता 'थांबा' म्हणावं, तर आपलं खोटं आपल्याच तोंडानं कबूल करावं लागणार. शब्द ओठांपर्यंत आला, नि तिथंच अडला मेला. तेवढ्यात कापूस पूर्ण गोल फिरला.

"अहो, हिचा रंग सुटतोय!" साडू ओरडला. कापूस लाल झाला होता. तबकडीवर चिकट डाग पसरला. वाळल्यावर त्यानं घाबरत घाबरत सुई टेकवली, तर नुसती खरखर. गाणं गेलं ते गेलंच.

चष्मेवाला खाली मान घालून बसला. आता साडू जाब विचारणार, याची त्याला खात्री होती.

"माझंच चुकलं," साडू म्हणाला. "तुम्ही शिकवलेलं मीच नीट ध्यानात ठेवलं नसणार. घेऊन जा ही. तुमच्यासारख्या जाणत्याकडेच शोभेल."

चष्मेवाल्यानं दोन्ही हात पुढे केले, आणि घेतली.