गोष्टीतल्या बाईची खुर्ची

माझी मावशी दवाखान्याच्या धुलाईखात्यात बावीस वर्षं चादरींना इस्त्री करतेय. उभ्याने. तिच्यासोबत आणखी दहा जणी आहेत, त्याही उभ्याच. बसायला काहीतरी द्या म्हणून त्यांनी तीनदा अर्ज केला आणि तिन्ही वेळा त्याला वाटाण्याच्या अक्षता लावल्या गेल्या.

"अर्ज बसलाय कुठेतरी," शेजारच्या टेबलावरची बाई म्हणाली. तिला सगळे तोफ म्हणतात. "आपल्याआधी त्याला जागा मिळाली बघ!"

मग मावशी वाचनालयातल्या लेखनवर्गाला जाऊ लागली. तिथल्या मास्तरांचं म्हणणं असं की अर्ज फायलीत जातो, गोष्ट काळजात जाते. मावशीने लगेच अकरा बायकांची गोष्ट लिहून नेली. मास्तरांनी चष्मा कपाळावर चढवला.

"बाई, ही गोष्ट आहे की हजेरीपट? वाचक एकीसाठी रडतो, अकरा जणींसाठी जांभई देतो. एकच ठेवा."

दहा जणींना काढताना मावशीच्या जिवावर आलं. म्हणून तिने प्रत्येकीचं काही ना काही त्या एकीला दिलं. थोरलीचे सुजलेले घोटे, तोफेची जीभ, कोपऱ्यातल्या अबोल बाईची भाजलेली करंगळी, स्वतःची कंबर. गोष्टीच्या शेवटी ती बाई चादरींच्या ढिगावर बसते आणि तिला खिडकीतून आभाळ दिसतं. उभं राहिलं की चौकटीची आडवी फळी नेमकी डोळ्यांसमोर यायची.

गोष्ट दवाखान्याच्या वार्षिक अंकात छापून आली. मोठे साहेब वाचून रडले. रुमाल बदलावा लागला, असं त्यांच्या शिपायाने सांगितलं. चौथ्या दिवशी धुलाईखात्यात खुर्ची आली. एक. सोबत हुकूम होता : 'कथेतील महिला कर्मचारी हिला देण्यात यावी.'

मुकादम कागद घेऊन उभा. "कोण ती?"

"अशी कुणी नाही हो," मावशी म्हणाली. "मी रचलीय तिला."

"मग खुर्ची परत पाठवतो."

"नको!" अकरा जणी ओरडल्या.

"मग बसणार कोण?"

आली का पंचाईत! घोटे एकीचे, करंगळी दुसरीची. "जीभ माझी आहे," तोफ म्हणाली, "पण जिभेला खुर्ची घेऊन काय करायचंय?"

शेवटी सगळ्यांनी थोरलीला धरून बसवलं. दोन मिनिटांत ती उठली.

"टोचते गं."

"अहो, गादीची आहे!" मुकादम म्हणाला.

"असेल. दहा जणी उभ्या दिसल्या की टोचते."

त्या संध्याकाळी मावशी माझ्याकडे आली. मी चार ओळी छापून आणतो, म्हणून घरात मला उगाच शहाणा समजतात.

"मी जिंकले का रे, की हरले?"

पेढे मागवावेत की पाठीवर हात ठेवावा, मला कळेना. मी पाणी दिलं.

"मास्तरांचं ऐकलं म्हणून खुर्ची आली," ती म्हणाली. "आणि ऐकलं म्हणूनच एक आली. घ्यावी तर दहा जणींच्या तोंडचा घास काढल्यासारखं. परत करावी तर साहेब म्हणतील, यांना नकोच होती. डोकं नुसतं भणभणतंय."

"मास्तरांना विचारलंस?"

"विचारलं. म्हणाले, कथा यशस्वी झाली. आता प्रेमावर लिहा."

मग तिने न विचारता माझ्या टेबलावरचे कागद ओढले आणि दुसरा भाग लिहायला घेतला. त्यात बाईला खुर्ची मिळते, पण ती बसत नाही. खुर्ची इस्त्रीच्या टेबलाशेजारी तशीच असते. येणारा-जाणारा विचारतो, ही रिकामी का? मग बाई एकेकीला पुढे बोलावते आणि घोटे, करंगळी, कंबर जिचं तिला परत करते. अकराही जणी गोष्टीत परत आल्या.

मी वाचलं. "मास्तर जांभई देतील."

"देऊ देत."

"आणि शेवट कुठाय?"

मावशीने पेनाचं टोपण लावलं. तिलाही ते नक्की ठाऊक नव्हतं, हे दिसत होतं.

"तो साहेबांनी लिहायचाय," ती म्हणाली. "दहा खुर्च्या जेवढ्या जागेत मावतील ना, तेवढी जागा खाली कोरी सोडलीय."