नोव्हेंबरात बॅरोला येणाऱ्यांसाठी

मिरज स्टेशनावर गाडी लागेपर्यंत आई माझ्या ट्रंकेवर बसून राहिली. बाकावर जागा होती, पण बाकावर बसलं तर ट्रंकेकडे कोण बघणार? एका हमालाने न बोलावता पिशवीला हात लावला, तर तिने त्याचं नाव विचारलं, गाव विचारलं आणि मग पिशवी स्वतःच उचलली. लग्न होऊन मी अमेरिकेला निघाले होते. इतर आया अशा वेळी रडतात. माझी आई खिडकीच्या गजांतून हात घालून मला बजावत होती, "फार गोड बोलेल त्याच्यापासून चार हात लांब राहा. आणि कुणी 'काही नाही, सहज आलो' म्हणालं, तर समज, काहीतरी आहे." गाडी हलली तेव्हा कुठे तिचा चेहरा बदलला. तो मी पाहिला नसता तर बरं झालं असतं, असं पुढे कितीतरी वर्षं वाटत राहिलं.

हे आठवायला निमित्त झालं एका फोनचं. न्यू जर्सीच्या मराठी मंडळातल्या एका काकूंचा फोन. "तुम्ही तिकडे वर राहता ना, मग आपल्या अंकासाठी बॅरोला येणाऱ्यांना उपयोगी पडेल असं काहीतरी लिहून द्या, पुष्कळ जणांना यायचंय," असं म्हणाल्या. फार गोड बोलत होत्या. का यायचंय ते मात्र सांगितलं नाही. ओहायोत कोलंबसजवळ डब्लिनला आम्ही इतकी वर्षं काढली, तेव्हा न्यू जर्सीतल्या एडिसनहून एक माणूस फिरकला नाही. आता अलास्काच्या उत्तर टोकाला समुद्राच्या काठाशी येऊन बसलो, तर सगळ्यांना आमची आठवण येते. माझा अंदाज असा की आमचं बरं चाललंय की वाईट, ते बघायला येतात. बघा बापडे.

आमचंही सांगते, म्हणजे विचारायला नको. डब्लिनमधलं माझ्या नवऱ्याचं, श्रीकांतचं, ऑफिस बंद झालं. त्याच सुमारास बॅरोत गोठलेल्या जमिनीतून पाण्याचे आणि सांडपाण्याचे पाइप न्यायचं मोठं काम निघालं, आणि तिथे सिव्हिल इंजिनिअर हवे होते. पगार इतका चांगला होता की मला पहिल्यापासूनच त्यात काहीतरी काळंबेरं वाटलं. दोन वर्षांसाठी आलो होतो. अजून आहोत.

तर आता माहिती. बॅरोला रस्ता येत नाही, फक्त विमान येतं. ते फेअरबँक्सहून सुटलं म्हणजे इथे पोचेलच असं धरून चालू नये. धुकं असलं तर ते आमच्या डोक्यावर दोन घिरट्या घालतं आणि पाहुण्यांसकट परत जातं. काउंटरवरचा माणूस "उद्या नक्की" म्हणेल, त्याच्या भरवशावर हॉटेल सोडू नये. मे ते ऑगस्ट सूर्य मावळत नाही, तेव्हा झोपायला खिडकीवर चांदीचा कागद चिकटवावा लागतो. नोव्हेंबराच्या मध्यावर सूर्य जातो तो जानेवारीच्या शेवटाला उगवतो. दुकानात कोबी मिळतो, पण किंमत वाचून मगच हात लावावा. येताना कोथिंबीर, हिरव्या मिरच्या आणि कढीपत्ता आणावा, हे वाक्य पाहुण्यांनी कृपया दोनदा वाचावं. आमच्या भागात पाणी अजून ट्रकने येतं आणि घरातल्या टाकीत भरतात, त्यामुळे शॉवरखाली गाणी म्हणू नयेत. गोठलेल्या समुद्राकडे एकट्याने फिरायला जाऊ नये. बर्फ पांढरा असतो आणि इथली अस्वलंही पांढरीच असतात.

मूळचे लोक इन्युपियाक. त्यांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत. ते ओळखीच्या घरात दार वाजवून येत नाहीत. सरळ आत येतात, बसतात, आणि बराच वेळ काही बोलत नाहीत. शेजारची मार्था पहिल्यांदा अशी येऊन बसली, तेव्हा ती चहा पिऊन जाईपर्यंत मी तिच्यावरून नजर हलवली नाही. ती गेल्यावर चमचे बघितले. सगळे जागच्या जागी होते. तरी पुढची दोन वर्षं ही बाई येते कशाला, हे मला कळत नव्हतं.

आणि शेवटची माहिती अशी की नोव्हेंबरात इथे कुणी येत नाही. बघायला काही नसतं आणि बघायला उजेडही नसतो. म्हणून दोन वर्षांपूर्वी ऐन दिवाळीच्या तोंडावर माझ्या धाकट्या भावाचा, अवीचा, एडिसनहून फोन आला तेव्हा माझे कान टवकारले. अवी दरवर्षी माझी टर उडवायचा, "ताई, तुझ्या त्या फ्रीझरमध्ये कोण येणार यार?" आणि आता विचारत होता, तिकीट कुठून काढायचं, बूट कसले घ्यायचे, विमान कॅन्सल झालं तर राहायचं कुठे. मी सगळं सांगितलं आणि मग विचारलं, का येतोयस?

"काही नाही गं. सहज."

मी श्रीकांतला हे सांगितलं. एरवी कशालाही आधी तीन फाटे फोडणारा माणूस "येऊ दे की" एवढंच म्हणाला आणि माझ्या हातातलं पातेलं घेऊन घासायला लागला. लग्नानंतर मी हे दृश्य पहिल्यांदा बघत होते. म्हणजे या दोघांचं काहीतरी शिजत होतं. अवीची नोकरी गेली असेल आणि श्रीकांत त्याला इथे चिकटवणार असेल. नाहीतर अवीचं बायकोशी बिनसलं असेल. नाहीतर श्रीकांतचीच नोकरी गेली असेल आणि मला सांगायला भावाला बोलावलं असेल.

मिरजेचंही काहीतरी बिनसलं होतं. आमच्या घरी फोन नव्हता, शेजारच्या कुलकर्णी काकूंकडे होता. मी फोन केला की काकू गॅलरीतून हाक मारायच्या आणि आई धापा टाकत यायची. दसऱ्याला फोन केला तर काकू म्हणाल्या, आई देवळात गेलीय. पुढच्या वेळी म्हणाल्या, मावशीकडे गावाला गेलीय. घराला कुलूप लावून अर्धा दिवस बाहेर राहायचं तर जिला घास गिळवत नसे, ती आठवडाभर गावाला? मी ठरवून टाकलं की काकूंना हाक मारायचा कंटाळा आलाय. लाइनवर माझाच आवाज मला उलटा ऐकू येत होता, त्यामुळे भांडताही आलं नाही. मी इतक्या सगळ्यांवर संशय घेतला आणि जिथे घ्यायला हवा होता तिथे घेतला नाही. आता वाटतं, मन मुद्दाम दुसरीकडे पाहत होतं.

अवी धनत्रयोदशीला यायचा होता. विमान आमच्यावर घिरट्या घालून परत गेलं आणि तो फेअरबँक्सला अडकला. उतरला तो थेट भाऊबीजेच्या दिवशी. विमानतळावर मी त्याला आधी ओळखलंच नाही, कारण मिशी नव्हती. कॉलेजपासून जपलेली मिशी. म्हटलं, काय रे हे? म्हणाला, ऑफिसात सगळ्यांनी काढल्या. मी हसले, पण एका ऑफिसात सगळे एकदम मिश्या का काढतील ते मला कळेना.

मला आनंद झाला होता, हे मान्य करायला हवं. भाऊबीजेला भाऊ जवळ नसला तर बहीण चंद्राला ओवाळते. पण बॅरोत त्या दिवसांत बीजेची कोर क्षितिजाच्या वर येतच नाही. श्रीकांतने कागदावर आकृती काढून मला त्याचं कारण समजावलं होतं आणि मला ते पटलं नव्हतं. मी पहिली काही वर्षं आकाश धुंडाळलं आणि मग विमानतळाच्या दिव्याला ओवाळायला लागले. त्या वर्षी खरा भाऊ समोर होता. मी ताट आधीच करून ठेवलं होतं. दुपारचे बारा वाजले होते, बाहेर दक्षिणेकडे थोडं तांबूस दिसत होतं, आणि ते पुन्हा विझायच्या आत ओवाळून घ्यावं असं माझ्या मनात होतं.

"ताई, हे राहू दे," अवी म्हणाला.

का राहू दे? मी इतकी वर्षं खांबावरच्या दिव्याला ओवाळतेय. बस गुपचूप. तो पाटावर बसला. घरात हीटर इतका होता की श्रीकांत बनियनवर होता, आणि याने कानटोपी भुवयांपर्यंत ओढलेली. मी म्हटलं, टक्कल पडलं म्हणून लपवतोस होय? मी अंगठ्याला कुंकू लावलं आणि टिळ्याला जागा करायला दुसऱ्या हाताने टोपी वर सरकवली.

डोक्यावर नुकतेच फुटलेले खुंट होते, आणि मागे तेवढी एक बट लांब. टक्कल पडलेलं डोकं कसं दिसतं आणि केस दिलेलं डोकं कसं दिसतं, हे कुणी मला सांगायला नको होतं. बाबा गेले तेव्हा हेच डोकं मी पाहिलं होतं.

मी विचारलं, "कधी?"

"दसऱ्याच्या आधी."

पुढचं त्याने हळूहळू सांगितलं. छातीत दुखायला लागलं, आमच्या सख्ख्या काकांनी दवाखान्यात नेलं आणि अवीला फोन केला. तो त्याच दिवशी निघाला. आई दोन दिवस होती, तो पोचला तेव्हा बोलत होती. श्रीकांतला सगळं ठाऊक होतं, तो स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. निरांजन तेवत होतं आणि ते विझवावं की राहू द्यावं ते मला कळत नव्हतं. मी एवढंच म्हणाले, "मी चकल्या केल्या. कंदील लावला. तुम्ही मला दिवाळी करू दिलीत."

अवी रडायला लागला. "आईच म्हणाली गं. ताईला फोनवर सांगू नका, ती खरं मानायची नाही. तू स्वतः जा."

हे खरं होतं. काकूंनी फोनवर सांगितलं असतं तर मी त्यांनाच खोटं पाडलं असतं. आईने मला बरोबर ओळखलं होतं, तिनेच घडवलं होतं मला तसं. पण तरीही सांगते, ते वाक्य खरोखर आईचं, की अवीने विमानात बसून जुळवलेलं, अशी शंका मला येते. आणि दोन दिवस हातात होते तर मला का नाही कळवलं? तू पोचली नसतीस, असं दोघेही म्हणतात. हिशेब त्यांचा बरोबर असेल. मला तो पटलेला नाही, आणि श्रीकांतशी मी त्यावरून अजून भांडते.

त्या दिवशी मी डोक्यावरून अंघोळ केली आणि टाकीतलं सगळं पाणी संपवलं. श्रीकांत पाण्याबद्दल चकार शब्द बोलला नाही. नंतर मार्था आली, नेहमीसारखी न विचारता. तिला कुणी सांगितलं कोण जाणे, इथे बातम्या लवकर पोचतात. ती माझ्याशेजारी बसली आणि संध्याकाळपर्यंत बसून राहिली. तिने मला काही विचारलं नाही, माझी समजूतही घातली नाही. मिरजेत असते तर काकू आणि मावशी अशाच बसल्या असत्या. तोंडाने मात्र बोलत राहिल्या असत्या.

आता मिरजेच्या घराला कुलूप आहे. पूर्वी घर म्हटलं की ते घर डोळ्यांपुढे यायचं, आणि मी इथे तात्पुरती आहे असं मी सगळ्यांना सांगायचे. आता तसं म्हणवत नाही. तिथे आता मला ट्रंकेवर बसून कोण सांभाळणार? आणि इथलं घर माझं आहे का, हेही मी छातीठोकपणे सांगणार नाही. एवढं कळतं की ज्या घरी वाईट बातमी द्यायला माणूस चार दिवस धुक्यात अडकूनही येतो, त्या घराला अगदी परकं म्हणता येत नाही.

गेल्या वर्षी भाऊबीजेच्या आधी अवीचा पुन्हा फोन आला. येतोय म्हणाला. का, असं मी विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही. चार रात्री धड झोपले नाही. काकांचं नाव मनात आलं, मावशीचं आलं, त्याच्या बायकोचं आलं. श्रीकांतला दोनदा शपथ घालून विचारलं, तो म्हणाला मला काही माहीत नाही, आणि अर्थातच माझा त्याच्यावर विश्वास बसला नाही.

विमान वेळेवर आलं. मी बाहेर जाळीच्या कुंपणाशी उभी होते. वारा असा की डोळ्यांतलं पाणी गालावर गोठत होतं. माणसं एकेक करून शिडीवरून उतरत होती, सगळी डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळलेली. त्यांतल्या एकाने वरच्या पायरीवर थांबून माझ्याकडे पाहिलं. हात हलवला नाही, हाक मारली नाही. आधी हुड मागे टाकला, मग डोक्यावरची टोपी काढली, आणि तसाच उभा राहिला. दाट, काळे, वाऱ्याने उभे राहिलेले केस. मिशीसुद्धा होती. मागची माणसं खोळंबली होती तरी तो हलेना, माझं बघून होईपर्यंत.

"घाल ती टोपी," मी इकडून ओरडले, "कान झडतील मेल्या."