एकही टेस्ट ट्यूब ओली न करता

बारावीच्या केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकल परीक्षेत मी एकही टेस्ट ट्यूब ओली न करता अख्खं उत्तर लिहून दिलं. उत्तर बरोबर होतं. तरीही आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक कोणती असं कुणी विचारलं, तर मी हीच सांगतो. आणि माझ्याकडे निवडीला वाव भरपूर आहे.

ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मेडिकलला जायचं तर आमच्यासाठी वेगळी परीक्षा नव्हती, बारावी हीच ती परीक्षा. फिजिक्स, केमिस्ट्री आणि बायॉलॉजीचे मार्क एकत्र करायचे, प्रॅक्टिकलसकट, आणि त्या बेरजेवर यादी लागायची. एकेका मार्कावर पन्नास-पन्नास पोरं उभी असत. मी डॉक्टर होणार हे नक्की होतं. म्हणजे नाशिक रोडच्या आमच्या क्वार्टर्समध्ये ते नक्की झालं होतं. वडील छापखान्यात नोकरीला. आमच्या ओळीत फिटर होते, क्लार्क होते, एक तबलजीसुद्धा होता, डॉक्टर मात्र नव्हता. आईने भाजीवालीपर्यंत बातमी पोचवली होती. ती बाई कोथिंबीर देता देता मला गुडघा दाखवायची, आणि मीही मान हलवून "हं" म्हणायचो.

वडिलांनी मात्र एक गोष्ट अकरावीतच स्पष्ट केली होती. माझ्या पाठीवर तिघं भावंडं होती. तेव्हा संधी एकदाच. लागला नंबर तर लागला, नाही तर जिथे मिळेल तिथे जायचं. पुन्हा बारावीला बसून मार्क वाढवायचे लाड आपल्या घरात नाहीत. मी म्हणालो, पुन्हा कशाला लागतंय? मला स्वतःबद्दल शंका अशी कधी आलीच नाही. ती इतरांना यायची.

अभ्यासाला माझा एक जोडीदार होता. देवळालीगावात राहायचा, वडील प्राथमिक शाळेत शिक्षक. त्यांच्याकडे वर्गाची किल्ली असे, त्यामुळे रविवारी सकाळपासून ती शाळा आमची. दुसरीच्या वर्गातल्या बुटक्या बाकांवर गुडघे छातीशी घेऊन आम्ही बसायचो. फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात आदल्या दिवशीचा सुविचार आणि पटसंख्या, त्याच्याखाली आम्ही बेंझिनची कडी काढायचो. दोघंही दहावीपर्यंत मराठी माध्यमातले. अकरावीत गेल्यावर प्राणवायूचा एका रात्रीत ऑक्सिजन झाला होता आणि पेशीपटलाचं काय झालं हे दिवाळीपर्यंत कळत नव्हतं. मित्र प्रत्येक शब्द वहीत दोन्ही भाषांत लिहायचा. मी फळ्यापाशी उभा राहून शिकवायचो. कुणाला, हा प्रश्न नाही. मला उभं राहून बोललं की समजतं, असं माझं म्हणणं होतं. मित्राचं म्हणणं, तुला बोललं की समजल्यासारखं वाटतं.

आता सॉल्ट. ज्यांनी सायन्स केलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्रॅक्टिकलला प्रत्येकाला कागदाच्या पुडीत चिमूटभर भुकटी मिळते. ती कशाची, हे ओळखायचं. त्यासाठी ती तापवायची, विरघळवायची, तिच्यात एकामागून एक द्रावणं घालायची, कुठे पांढरा साका बसतो, कुठे काळा, कुठे बसतच नाही, ते बघत बघत पोलिसासारखं एकेकाला संशयातून मोकळं करायचं. दीड-दोन तास जातात. लॅबभर कुजलेल्या अंड्यांचा वास सुटतो आणि तो शर्टाबरोबर घरी येतो.

मला हे सगळं फार गैरसोयीचं वाटे. लॅबच्या कपाटात बाटल्या होत्या जेमतेम चाळीस. एवढ्या बाटल्या नुसत्या बघून पाठ करायला काय जातं? मी केल्या. निळं ते तांब्याचं, हिरवं ते निकेल नाही तर लोखंड, गुलाबी ते कोबाल्ट. हे तर कुणीही सांगेल. माझी खरी करामत पांढऱ्यात होती. कुठलं खडीसाखरेसारखं, कुठलं पिठासारखं, कुठलं सुईसारखं लांबट, कुठलं तळहातावर घेतलं की दिसतं त्यापेक्षा जड लागतं. पंचवटीतले क्षेत्रोपाध्ये जसे आडनाव आणि गाव ऐकून तुमच्या पणजोबांपर्यंत पोचतात, तसा मी पुडी उघडून कूळ सांगायचो. पुढच्या टेस्ट काय येणार हे पुस्तकात लिहिलेलंच असतं. ते घडाघडा उतरवून काढायचं. वीस मिनिटांत जर्नल पुरं. उरलेल्या वेळात कँटीन.

दिवाळीनंतर वर्गातली अर्धी पोरं पुड्या घेऊन माझ्याकडे येऊ लागली. एकेका निदानाला एक बटाटावडा असा अलिखित दर होता. माझं निदान चुकत नसे. हे मी फुशारकीने नाही, दुःखाने सांगतोय. चार-दोनदा चुकलं असतं तर वाचलो असतो.

मित्रालाही मी त्याच्या पुडीतलं नाव सांगायचो. तो ऐकून घ्यायचा आणि बर्नर पेटवायचा. मी विचारलं, अरे, सांगितलं ना झिंक आहे? तर म्हणे, आहेच, फक्त बघतो. त्याची बोटं वर्षभर पिवळी-काळी असायची. माझी मात्र स्वच्छ, डॉक्टरला शोभतील अशी.

लॅबमधल्या शिपायांना आम्ही मामा म्हणायचो. दिंडोरीकडचे, रोज एसटीने यायचे. पुड्या बांधायचं आणि नळ्या धुवायचं काम त्यांचं. त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे. परीक्षेच्या आठवडाभर आधी त्यांनी मला बाटल्यांच्या कपाटापाशी गाठलं. म्हणाले, "तुला समदं वळखू येतं, लय झाक. पर बाबा, हात कवा घालनार?" मी हसलो. मामांनी हात घालायचा आणि मी डोकं घालायचं, अशी कामाची वाटणी माझ्या मनात पक्की होती. हे बोललो नाही एवढीच त्या वर्षातली माझी सभ्यता.

परीक्षेला बाहेरच्या कॉलेजातून परीक्षक आले. एक्स्टर्नल. बारीक अंगाचे, सौम्य आवाजाचे, ओरडण्यातले वाटत नव्हते. माझी पुडी उघडली: पांढरे जड स्फटिक. तळहातावर घेतले. लेड नायट्रेट, जुनी ओळख. पेन काढलं आणि लिहीत सुटलो. तापवलं असता तडतड आवाज, तपकिरी वायू. हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड घातलं असता पांढरा साका, गरम पाण्यात विरघळतो. पोटॅशियम आयोडाइड घातलं असता पिवळा साका. तापवून थंड केला असता सोनेरी चकत्या. ती सोनेरी चकत्यांची ओळ मी विशेष वळणदार अक्षरात लिहिली. समोरच्या टेबलावर मित्र दुसरी नळी तापवत होता तेव्हा मी पेपर देऊन मोकळा झालो.

परीक्षकांनी पेपर शांतपणे वाचला. म्हणाले, सगळं बरोबर आहे. मी नम्रपणे खाली बघितलं. मग ते उठून माझ्या टेबलापाशी आले.

"त्या सोनेरी चकत्या दाखव बरं. मला बघायला आवडतात."

मी सांगितलं, ओतून टाकल्या. त्यांनी स्टँडमधली एक नळी उचलली, उजेडात धरली, मग दुसरी. दहाच्या दहा नळ्या कोरड्या ठणठणीत, सकाळी मामांनी मांडल्या तशा. मी म्हणालो, धुऊन पुसून ठेवल्या, सर. आतून कशाने पुसल्या, असं त्यांनी विचारलं. त्याचं उत्तर चाळीस बाटल्यांत नव्हतं.

त्यांनी मामांकडे बघितलं. मामा क्षणभर घुटमळले. त्यांना मला बुडवायचं नव्हतं, पण खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. "सायेब, ह्यानं नळ सोडलाच नाय," ते म्हणाले.

तरी परीक्षक माणूस भला. मला हाकललं नाही. म्हणाले, पाऊण तास देतो. माझ्यासमोर कर, जेवढं होईल तेवढे मार्क.

मला आनंदच झाला. काय करायचं ते तोंडपाठ होतं! मी नळीत चांगलं चमचाभर सॉल्ट घातलं आणि बर्नरवर धरलं. लेड नायट्रेट तापवलं की तडतडतं हे मी वर्षभरात दहा वेळा लिहिलं होतं. ते किती जोरात तडतडतं हे मात्र कुठल्याच पुस्तकात नाही. लक्ष्मीबार फुटल्यासारखे खडे उडाले, मी नळी टाकून मागच्या मुलीच्या टेबलावर जाऊन आदळलो, आणि तिचं कष्टाने गाळलेलं द्रावण फरशीवर गेलं. तिला परीक्षकांनी जास्तीचा वेळ दिला. मला दिला नाही.

दुसऱ्या नळीत अ‍ॅसिड घातलं तर खरोखर पांढरा साका बसला. इतकं नवल वाटलं की मी तो बघतच राहिलो. पुस्तकात लिहिलेलं खरं असतं, ही बातमी मला त्या दिवशी कळली. पण आता गाळायचं होतं. गोल फिल्टर पेपरची घडी घालून त्याचा शंकू करतात, सहावीतलं पोर करील. मी आधी होडी केली. मग काहीतरी पाकीट झालं. तिसरा कागद टोकाशी फाटला आणि साका नि पाणी जोडीने खाली उतरले. चौथा घेतला तेव्हा पाऊण तास संपला. सोनेरी चकत्या राहिल्या.

घरी काय सांगितलं? एक्स्टर्नल खुनशी निघाला असं सांगितलं. पुढे लेखी पेपर छान गेले. त्यात नळ्या नव्हत्या. जूनमध्ये निकाल लागला तेव्हा केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलचा खड्डा बेरजेत स्पष्ट दिसत होता. मेडिकलची यादी बघायला मित्र आणि मी एसटीने पुण्याला गेलो. त्याचं नाव वरच्या अर्ध्यात होतं. शेवटच्या मुलाचे मार्क माझ्यापेक्षा दोनने जास्त होते. परतीच्या वाटेवर मित्राने आपल्या खुशीचा एक शब्द काढला नाही, नारायणगावला मला उसाचा रस पाजला. मी मात्र सिन्नर येईपर्यंत त्याला परीक्षापद्धतीतले दोष समजावून सांगत होतो. उभं राहायला जागा नव्हती, म्हणून बसूनच.

पुढे मी फार्मसीला गेलो, आणि औषधांच्या कारखान्यात तीस वर्षं नमुने तपासले. तापवून, विरघळवून, गाळून, एकेक टेस्ट दोनदा. हाताखालच्या पोरांच्या नळ्या ओल्या आहेत का हे मी बोट घालून बघायचो, आणि त्याबद्दल त्यांच्यात बदनाम होतो. पण हे नंतरचं.

त्या संध्याकाळी पुण्याहून घरी पोचलो तर दारात सगळी क्वार्टर्स. माझा चेहरा बघूनच आईने डोळ्याला पदर लावला. मी उंबऱ्यातच उभा राहून भाषण सुरू केलं: दोन मार्क, फक्त दोन, आणि ते त्या खुनशी माणसाने खाल्ले. शेजारी हळहळले. वडील चहा पीत होते. त्यांनी विचारलं, त्याने तुझे मार्क कापले ते कशाबद्दल? मी इकडचं तिकडचं बोललो. त्यांनी पुन्हा तेच विचारलं, त्याच आवाजात. मग एवढ्या लोकांसमोर मी खरं काय ते सांगून टाकलं: कोरड्या नळ्या, नळ, तिसरा फाटका कागद. पुन्हा बसू का बारावीला, असं विचारायचं माझ्या ओठांवर होतं. वडिलांनी कप खाली ठेवला तेव्हा ते तिथेच राहिलं.

"बरं झालं," ते म्हणाले. "नाडी न बघता चिठ्ठी लिहिणारे डॉक्टर नाशकात आधीच पुष्कळ आहेत."