नखाखालचा ठणका

इस्त्रीवाल्या काकांच्या डाव्या अनामिकेला गेली काही वर्षं काहीतरी झालंय, यावर घरात कुणाचाच विश्वास नव्हता. बोट सुजलेलं नाही, जखम नाही. पण नखाला शर्टाचं बटण जरी घासलं, तरी काकांच्या डोळ्यांपुढे काजवे चमकत. गार पाण्यात हात घातला की ठणका थेट खांद्यापर्यंत. दुकानात गरम इस्त्रीजवळ मात्र बोट अगदी निमूट.

"बरोब्बर भांडी विसळायच्या वेळीच दुखतं हो तुमचं!" काकू म्हणायच्या.

"हौसेनं दुखवून घेतो का मी?"

एका डॉक्टरांनी वात म्हणून मलम दिलं. दुसऱ्यांनी एक्स-रे काढून हाड ठणठणीत असल्याचं सांगितलं, वर विचारलं, "घरी काही ताण आहे का?"

"नव्हता. आता आहे!" काका कडाडले आणि फाईल काखेत मारून निघाले.

शेवटी लेकीनं त्यांना हाताच्या सर्जनबाईंकडे जवळजवळ ओढतच नेलं. काकूही सोबत होत्या. बाईंनी टाचणीचं बोथट टोक नखावर हलकेच ठेवलं. काही नाही. जरा सरकवलं, तरी नाही. आणखी केसभर सरकवलं, तशी काकांनी अशी किंकाळी फोडली की बाहेरची रांग उठून उभी राहिली. मग बाईंनी दंडाला रक्तदाबाचा पट्टा आवळला, त्याच जागी टाचणी टेकवली. दुखेना! पट्टा सैल केला, दुखणं परत हजर.

"नखाखाली रक्तवाहिन्यांची बारीकशी गाठ दिसतेय. सहसा कर्करोगाची नसते. एमआरआयनं जागा पक्की करू, मग काढून तपासायला पाठवू."

"म्हणजे मी नाटक करत नव्हतो?"

"नाटक कोण म्हणालं?"

काकांनी काकूंकडे बोट केलं. काकू भिंतीवरचा तक्ता वाचू लागल्या.

बोट बधिर करून बाईंनी नख उचललं आणि मोहरीपेक्षा जराशी मोठी गाठ काढून दाखवली.

"एवढीशी? हिनं मला इतकी वर्षं नाचवलं?"

"हात हलवू नका, काका!"

तपासणीत गाठ साधीच निघाली. जखम भरल्यावर काकांनी बोट बर्फावर टेकवून पाहिलं. गार लागलं, एवढंच.

पण राग काही उतरेना. ऑपरेशननंतर बोटाला पट्टी असताना अख्खी गल्ली बोटाची चौकशी करून गेली होती, त्याचाच त्यांना जास्त संताप आला होता.

"चिंधी बांधली की दुखणं खरं!" ते परत परत म्हणत राहिले.

"चुकलंच माझं," काकू एकदाच्या म्हणाल्या. "पण तुम्हीही जरा हळू ओरडला असतात, तर त्यामागचं दुखणं ऐकू तरी आलं असतं."